बंद मुठीसमोर बसलेला कुत्रा

मुठीत खाऊचा एक तुकडा घ्या, मूठ घट्ट मिटा आणि कुत्र्याच्या नाकासमोर धरा. आधी तो हुंगेल. मग बोटांच्या फटीत जीभ घालून पाहील, नाकाने ढुसण्या देईल, पंजाने मूठ ओढेल, हलकेच दातही लावून बघेल. तुम्ही काही बोलायचं नाही, हात मागे घ्यायचा नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. थोडा वेळ असाच जाईल. मग कंटाळून म्हणा किंवा बुचकळ्यात पडून म्हणा, तो क्षणभर तोंड बाजूला घेईल. अगदी तेवढ्यात ‘शाब्बास’ म्हणायचं आणि मूठ उघडायची.

हेच काही वेळा केलं की चित्र पालटतं. मूठ समोर आली की कुत्रा आपणहून मागे सरकतो, बूड टेकतो आणि मुठीऐवजी तुमच्या डोळ्यांकडे पाहू लागतो. ‘बस’ असं त्याला कुणी म्हटलेलं नसतं. ही मूठ कशाने उघडते, हे त्याचं त्याला उमगलेलं असतं. कितीही कुत्र्यांच्या बाबतीत पाहिला, तरी हा क्षण मला जुना वाटत नाही.

कुत्र्याला शिकवून आणि रोज फिरवून काय साधतं, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात: तो ऐकतो, चपला कुरतडत नाही, लठ्ठ होत नाही. ही उत्तरं बरोबरच आहेत. पण त्या सगळ्यांच्या बुडाशी, मला वाटतं, त्या मुठीसमोरची गोष्ट आहे. पाळीव कुत्र्याचं खाणं, झोपणं, बाहेर जाणं, दार उघडणं, सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. ‘मी काही केलं तर काही घडतं’ हा अनुभव त्याला दिवसभरात फार थोड्या वेळा येतो. शिकवणी आणि फेरफटका हे दोन त्यातले मोठे.

मुठीसमोरच्या शिक्षणाचा नियम शंभर वर्षांहून जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना लाकडी पेट्यांत ठेवून पाहिलं. दार उघडायची युक्ती ती चुकतमाकत शिकत आणि जी हालचाल कामी येई तीच पुढच्या खेपेला लवकर करत. ज्या कृतीचं फळ गोड, ती पुन्हा घडते. कुत्र्याच्या बाबतीत यातला कळीचा मुद्दा आहे वेळेचा. त्याने बूड टेकलं आणि तुम्ही खिसा चाचपून, पिशवी उघडून पाच सेकंदांनी खाऊ दिलात, तर तोवर तो उठून तुमच्या अंगावर पंजे टाकतो. बक्षीस मग पंजे टाकण्याला मिळतं. म्हणून प्रशिक्षक क्लिकर नावाची हातात मावणारी डबी वापरतात. ती दाबली की ‘टिक’ वाजतं आणि त्या आवाजामागून खाऊ हटकून येतो. रशियात इवान पाव्हलोव्ह यांनी दाखवून दिलं होतं की अन्नाच्या आधी नेमाने येणाऱ्या खुणेला कुत्र्याच्या लेखी अन्नाचाच अर्थ येतो. ‘टिक’चंही तसंच होतं. ती नेमक्या क्षणावर बोट ठेवते, खाऊ मागाहून आला तरी चालतो. डबी नसली तरी एखादा ठरलेला छोटा शब्द हे काम करतो, फक्त तो दर वेळी त्याच सुरात आणि वेळेवर आला पाहिजे.

अशी खूण मेंदूत कुठे जाऊन पोचते तेही पाहता आलं आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी, न बांधता, निश्चल पडून राहायला शिकवलं. हनुवटी एका आधारावर टेकवायची आणि हलायचं नाही. यंत्राची धडधड त्रास देऊ नये म्हणून कान झाकलेले. २०१२ मध्ये त्यांनी दोन कुत्र्यांवरचे निष्कर्ष छापले. हाताची एक खूण म्हणजे खाऊ मिळणार, दुसरी म्हणजे नाही. पहिली खूण दिसताच, खाऊ तोंडात पडायच्या आधीच, मेंदूतला कॉडेट नावाचा भाग सक्रिय होत होता. बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेला हा भाग माणसातही आहे. मला यात त्या चित्रांइतकीच दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. ते कुत्रे मनात आलं तर कधीही उठून जाऊ शकत होते.

उठून जाता न येणं काय करतं, हे विज्ञानाने कुत्र्यांवरच शोधलं, आणि ते वाचवत नाही. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांना डोक्याने एक पट्टी दाबून झटका थांबवता येत होता. त्यांच्या जोडीच्या कुत्र्यांना झटके तितकेच, तेवढाच वेळ, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. पुढे दोघांनाही अशा खोक्यात ठेवलं, जिथे बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच बसून कण्हत राहिले. वेदना दोन्ही गटांच्या वाट्याला सारखीच आली होती. फरक होता तो काही करता येण्या-न येण्याचा. असे प्रयोग पुन्हा कधी होऊ नयेत. पण जे कळलं ते विसरूही नये.

याची सुखाची बाजू स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडली. पुन्हा जोड्याच, या वेळी बीगल कुत्र्यांच्या, आणि झटक्यांऐवजी बक्षिसं. जोडीतल्या एकाला साधी उपकरणं चालवायला शिकवलं होतं. काम जमलं की बक्षिसाकडे जायची वाट मोकळी व्हायची. दुसऱ्यालाही तेच बक्षीस तेवढ्याच वेळाने मिळायचं, पण त्याने काही केलं म्हणून नव्हे. स्वतः काम करणारे कुत्रे जास्त शेपूट हलवत, जास्त उत्साहाने वावरत आणि प्रयोगाच्या खोलीकडे ओढीने जात. आयतं मिळवणारे तिथे जायला हळूहळू नाखूश होऊ लागले. खाऊ तोच, तेवढाच. ताटली समोर ठेवून निघून जाणाऱ्या प्रत्येकाने या प्रयोगावर थोडा वेळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं. रोजच्याच अन्नातले चार दाणे मुठीतून, जुन्या टॉवेलच्या गुंडाळीतून किंवा खोलीच्या कोपऱ्यांत लपवून दिले, तर तेच जेवण काम होतं.

मग ओरडून, पट्ट्याला हिसका देऊन शिकवलं तर? शिकतो तो तसंही. पण पोर्तुगालमध्ये प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची किंमत दिसली. धाक आणि शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतले कुत्रे शिकताना वारंवार ओठ चाटत, जांभया देत, अंग चोरत. ही सगळी ताणाची लक्षणं. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं सापडलं. त्यापुढची चाचणी तर विलक्षण आहे. कुत्र्याला आधी शिकवायचं की खोलीच्या एका बाजूच्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो. मग वाडगा मधोमध ठेवायचा. आत काही असेल या आशेने कुत्रा धावत जातो की रेंगाळत? सर्वांत जास्त शिक्षा होणाऱ्या शाळांतले कुत्रे रेंगाळले. ही चाचणी शाळेबाहेर घेतली होती, म्हणजे तिथला धाक मैदानापुरता राहिला नव्हता.

याच धर्तीची चाचणी २०१९ मध्ये फ्रान्स-अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगळ्या प्रश्नासाठी वापरली. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून लपवलेला खाऊ शोधायला लावलं, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. खाऊ दोघांनाही मिळत होता. दोन आठवड्यांनी मधल्या वाडग्याकडे वास शोधणारे कुत्रे आधीपेक्षा जलद गेले, पायाशी चालणारे होते तिथेच राहिले. वास घेताना पुढे कुठे वळायचं, किती थांबायचं हे कुत्रा ठरवतो, पायाशी चालताना आपण ठरवतो. पायाशी चालायला शिकवूच नये असं नाही, गर्दीत ते लागतंच. पण फेरफटक्याचा काही भाग तरी नाकाच्या मालकीचा असू द्यावा.

कारण ते नाक साधं नाही. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या कितीतरी पट असतात. आपल्या काही दशलक्षांसमोर त्यांच्या काही कोटी. हुंगताना बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या कडेच्या फटीतून बाजूला जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता पुन्हा आत ओढता येतो. खांबाशी दोन मिनिटं रेंगाळणारा कुत्रा वेळ काढत नसतो. इथून कोण गेलं, नर की मादी, किती वेळ झाला, हे तो वाचत असतो. ‘चल, चल’ म्हणून पट्टा ओढणं म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातून पान हिसकावणं.

शरीरासाठी चालण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, पण एक अभ्यास सांगावाच लागेल. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर, पिल्लूपणापासून जोड्या लावलेले. प्रत्येक जोडीत एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न, आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष आले. सडपातळ राहिलेल्या गटाचं मध्यक आयुष्य (म्हणजे गटातले निम्मे कुत्रे जेवढं जगले तेवढं) १३ वर्षं होतं, दुसऱ्याचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही पहिल्या गटाला उशिरा सुरू करावे लागले. हा अभ्यास अन्नाचा होता, व्यायामाचा नव्हे. म्हणूनच तो व्यायाम करवणाऱ्यांनी लक्षात ठेवायचा: नुसतं पळवून वजन उतरत नाही, आणि शिकवताना दिलेला खाऊ दिवसाच्या वाट्यातून वजा करायचा असतो. चालण्याने जे मिळतं ते दुसरं. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक थरात, रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सुटला की भोवतालचा द्रव कूर्चेत आत-बाहेर करतो आणि तिला पोषण मिळतं. म्हणून सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पडून ठेवण्यापेक्षा, पशुवैद्यांना विचारून, थोडंथोडं पण रोज चालवणं त्याच्या भल्याचं असतं. उलट वाढत्या पिल्लाच्या हाडांची टोकं अजून कोवळी असतात, मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षापर्यंत. त्यांना उंच उड्या आणि धावणाऱ्या माणसामागे लांब पल्ल्याची दौड नको.

आणि ऊन. याबद्दल हयगय नको. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ तळपायांच्या गादीपुरताच, बाकी अंग थंड करायचं साधन म्हणजे धाप. जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करताना तोंडातली ओल हवेत जाते आणि उष्णता घेऊन जाते. हवा दमट असली की हे नीट साधत नाही, आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना श्वासाची वाटच अरुंद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. ते ४१च्या वर गेलं तर जिवावर बेतू शकतं. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. काही सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही तिथे ठेवायचे नाहीत.

म्हातारपणी मेंदूही आखडतो. वाट चुकणारे, रात्री जागणारे, घरच्यांना न ओळखणारे कुत्रे असतात. वयस्क बीगलांवरच्या एका दीर्घ प्रयोगात अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारे घटक, घातलेल्या आहाराला नवी खेळणी, सोबती, फिरणं आणि शिकण्याची कोडी यांची जोड दिली, तेव्हा त्यांची बुद्धी जास्त टिकली. अमेरिकेत पंधरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून गोळा केलेल्या आणि २०२२ मध्ये छापलेल्या माहितीतही हालचाल न करणाऱ्या कुत्र्यांत असा बुद्धिभ्रंश बराच जास्त आढळला. अर्थात मेंदू थकला म्हणूनही कुत्रा हिंडेनासा होऊ शकतो. तेव्हा या आकड्यांवरून एकदम कारण ठरवता येत नाही. पण दहा वर्षांच्या कुत्र्याला आता काय नवीन शिकवायचं, हा समज मात्र टाकून द्यायला हवा.

शिकवणी किती, याचं उत्तर ऐकून पुष्कळांना हायसं वाटेल. डेन्मार्कमधल्या प्रयोगांत आठवड्यातून एकदा शिकवलेल्या बीगलांना तेच काम आठवड्यातून पाचदा शिकवलेल्यांपेक्षा कमी तासिकांत जमलं. हंगेरीतल्या संशोधकांना शिकण्यानंतरच्या झोपेत मेंदूच्या लहरी बदललेल्या दिसल्या. आणि सोळा लॅब्रॅडॉरांवरच्या एका प्रयोगात शिकवणीनंतर लगेच खेळलेल्या कुत्र्यांनी तेच काम दुसऱ्या दिवशी कमी प्रयत्नांत करून दाखवलं. तेव्हा पाच मिनिटं शिकवा, मग खेळा, मग त्याला झोपू द्या.

सुरुवातीच्या मुठीवरून एक शेवटची गोष्ट. नखं कापणं हा घरोघरचा तमाशा असतो. दोघांनी धरायचं, एकाने कापायचं, कुत्रा थरथरतोय. त्याऐवजी आधी त्याला आपल्या तळहातावर हनुवटी टेकवायला शिकवता येतं, त्या एमआरआयमधल्या कुत्र्यांसारखं. हनुवटी टेकली की ‘शाब्बास’ आणि खाऊ. मग हनुवटी टेकलेली असताना पंजाला नुसता स्पर्श. मग कात्री पंजाजवळ. मग एकच नख. मधेच त्याने हनुवटी उचलली, तर कात्री लगेच खाली ठेवायची, त्याला न ओढता. पहिल्या आठवड्यात बहुधा एकही नख कापून होत नाही. पण आपण थांबवलं की हे थांबतं, ही खात्री पटली की तो हात चाटतो, थोडा मागे जातो आणि परत येऊन आपणहून हनुवटी तळहातावर ठेवतो.