ब्रिटनमधल्या डॉग शोसाठी कुत्रा पात्र कसा ठरतो: नोंदणी, वय, कागदपत्रं आणि क्रफ्ट्सची अट

मार्च महिन्यात टीव्हीवर क्रफ्ट्स हा मोठा वार्षिक डॉग शो सुरू झाला की ब्रिटनमधल्या कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: आपल्या कुत्र्याला शोमध्ये उतरवता येईल का? याचं उत्तर बहुतेक वेळा तो घरी आला त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. चाल, बांधा, केसांची निगा या गोष्टी रिंगमध्ये पाहिल्या जातात. रिंगपर्यंत पोहोचायचं तर आधी कागद, शरीर आणि वय नियमात बसावं लागतं, आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टी नंतर दुरुस्त होत नाहीत. म्हणून ज्यांचं पिल्लू अजून घरी यायचंय, त्यांनी हे आधी वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वंशावळ आणि नोंदणी

इथले जातिवंत कुत्र्यांचे शो १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या नियमांनुसार चालतात. शोमध्ये उतरणाऱ्या कुत्र्याचं नाव क्लबच्या ब्रीड रजिस्टरमध्ये असायला हवं. क्लबचं अ‍ॅक्टिव्हिटी रजिस्टर नावाचं आणखी एक दप्तर आहे. अ‍ॅजिलिटी (अडथळे पार करणं), ओबीडियन्स (आज्ञापालन) अशा स्पर्धांसाठी ते चालतं आणि त्यात मिश्र जातीचे कुत्रेही नोंदवता येतात, पण त्या नोंदणीवर जातीच्या शोमध्ये प्रवेश मिळत नाही. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या जातींसाठी इम्पोर्टेड ब्रीड रजिस्टर असतं. त्यातल्या कुत्र्यांना फक्त त्यांच्यासाठी ठेवलेल्या वर्गांतच उतरता येतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वंशावळीच्या कागदापाशी. पिल्लू विकणारा पाच पिढ्यांचा सुबक छापलेला कागद हातात देतो, त्यात लाल अक्षरांत दोन-चार चॅम्पियनही असतात, आणि घेणाऱ्याला वाटतं काम झालं. त्या कागदावरून फक्त पूर्वज कळतात. पिल्लाची स्वतःची नोंद केनेल क्लबकडे आहे का, हे त्यातून कळत नाही. खासगी नोंदणी संस्थांची प्रमाणपत्रंही इथे उपयोगाची नाहीत. शिवाय वेताची नोंदणी ब्रीडरनेच करायची असते आणि त्यासाठी आई-बाप दोघेही नोंदलेले लागतात. ब्रीडरने ती केली नाही, तर नंतर तुम्ही स्वतः अर्ज करून कुत्रा ब्रीड रजिस्टरमध्ये घालू शकत नाही. 'कागद मागाहून पाठवतो' हे उत्तर म्हणूनच मला कधीच पटत नाही. पैसे देण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा आणि त्यावरचा तपशील पिल्लाच्या मायक्रोचिपशी जुळतो का तेही तपासा.

प्रमाणपत्र मिळालं की मालकी तुमच्या नावावर करून घ्या. प्रवेशअर्ज नोंदणीकृत मालकाच्याच नावाने भरायचा असतो आणि नवरा-बायको दोघांच्या नावे कुत्रा असेल तर दोघांचीही नावं लागतात. हस्तांतरणाचा अर्ज गेलाय पण कागद आलेला नाही, अशा वेळी शो हातचा जात नाही. अर्जात कुत्र्याच्या नावापुढे 'टीएएफ' लिहायचं, म्हणजे हस्तांतरणासाठी अर्ज केलेला आहे. नावाच्या नोंदणीचाच अर्ज प्रलंबित असेल तर 'एनएएफ'. रिंगमध्ये कुत्रा मालकानेच धरला पाहिजे अशी मात्र अट नाही.

प्रमाणपत्रावर कधी कधी ब्रीडरने घातलेलं बंधन छापलेलं असतं: या कुत्र्याच्या पिल्लांची नोंदणी होणार नाही, किंवा याला एक्स्पोर्ट पेडिग्री, म्हणजे परदेशात नोंदणीसाठी लागणारा वंशावळीचा अधिकृत कागद, मिळणार नाही. ते वाचून नवे मालक घाबरतात. या बंधनांनी शोमधला प्रवेश अडत नाही. ब्रीडरने ती विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी तुम्हाला लेखी कळवून सही घेतलेली असली पाहिजे, एवढं पाहा.

कापलेली शेपटी, कापलेले कान

डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर किंवा कॉकर घेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून आणि वेल्समध्ये २८ मार्च २००७ पासून शेपटी कापण्यावर बंदी आहे. त्या तारखेनंतर शेपटी कापलेला कुत्रा, जिथे प्रेक्षक तिकीट काढून येतात अशा तिथल्या शोमध्ये दाखवणं हा गुन्हा आहे. शेपटी परदेशात कापली असली तरीही. काही कामकाजी कुत्र्यांची शेपटी पशुवैद्याने कायदेशीररीत्या कापलेली असू शकते, पण त्यांनाही अशा शोमध्ये फक्त कामाचं कौशल्य दाखवण्यापुरतंच आणता येतं. जन्मतःच आखूड शेपटी असलेल्यांना हा नियम लागत नाही. कान कापलेल्या कुत्र्यांना तर केनेल क्लबने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच शोचे दरवाजे बंद केले.

मला हे नियम पूर्णपणे योग्य वाटतात. रुबाबदार दिसावा म्हणून पिल्लाचे कान कापण्याचं समर्थन होऊच शकत नाही. भारतातून इकडे येताना कान कापलेला डॉबरमन सोबत आणणाऱ्यांनी मात्र आधीच समजून घ्यावं की इथल्या रिंगमध्ये त्याला जागा नाही.

शस्त्रक्रियेने कुत्र्याची नैसर्गिक ठेवण बदलली असेल तर क्लबची परवानगी घ्यावी लागते. ती घेतल्याचं तुम्ही प्रवेशअर्जावरच सहीनिशी लिहून देता, आणि अशी शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य ती क्लबला कळवू शकतो यालाही संमती देता. म्हणून सही करण्याआधी अर्जाखालचं बारीक अक्षरातलं प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचा.

वय आणि वर्ग

नेहमीच्या वर्गांसाठी किमान वय सहा महिने. मायनर पपी सहा ते नऊ महिने, पपी सहा ते बारा, ज्युनियर सहा ते अठरा, इयरलिंग बारा ते चोवीस महिने आणि व्हेटरन सात वर्षांपासून पुढे. त्यापुढच्या पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट वगैरे वर्गांत वयापेक्षा आधीची बक्षिसं मोजली जातात. त्यांच्या व्याख्या शोच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात. ओपन वर्ग त्या जातीच्या सगळ्यांना खुला असतो.

वय मोजतात ते शोच्या पहिल्या दिवशी. चार दिवसांचा शो गुरुवारी सुरू होतोय, तुमच्या जातीची पाळी शनिवारी आहे आणि पिल्लू शुक्रवारी सहा महिन्यांचं होतंय, तर ते पात्र नाही.

अर्ज भरताना

पहिल्यांदाच जाणार असाल तर ओपन शोपासून सुरुवात करावी. लिमिटेड शो आयोजक क्लबच्या सदस्यांपुरता असतो. चॅम्पियनशिप शोमध्ये चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे चॅम्पियन हा किताब मिळवण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं, दिली जातात आणि तिथली चुरस वेगळीच असते. कम्पॅनियन शोला नोंदणी लागत नाही, नाव त्याच दिवशी देता येतं. रिंगची, गर्दीची सवय व्हायला तो उत्तम.

ओपन आणि चॅम्पियनशिप शोचे अर्ज ऑनलाइन किंवा टपालाने, शोच्या बरेच आधी बंद होतात. अर्जात कुत्र्याचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नर की मादी, जन्मतारीख, ब्रीडर, आई-बापांची नावं आणि वर्ग हा तपशील भरायचा असतो. घरातलं 'मोती' किंवा 'शेरू' इथे चालत नाही, प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं लिहा. परीक्षकाचं नावही आधी पाहून घ्या: गेल्या बारा महिन्यांत तुमचा कुत्रा त्या परीक्षकाच्या मालकीचा असेल, त्याने तो शोमध्ये धरला असेल किंवा त्याच्याकडे राहायला ठेवला असेल, तर त्याच्या हाताखाली तो उतरवता येत नाही. माजावर आलेली मादी जातीच्या शोमध्ये चालते. पण शोच्या आधीच्या २१ दिवसांत संसर्गजन्य आजार झाला असेल किंवा कुत्रा अशा आजाराच्या संपर्कात आल्याचं माहीत असेल, तर घरीच थांबायचं. तिथे शेकडो कुत्री आणि कोवळी पिल्लं शेजारी शेजारी बसलेली असतात, इथे भरलेल्या फीचा विचार करू नये.

भारतातून कुत्रा आणायचा असेल तर

परदेशात राहणारा, केनेल क्लबकडे नोंद नसलेला कुत्रा फक्त शोपुरता येणार असेल, तर त्याला 'ऑथॉरिटी टू कॉम्पीट', म्हणजे एटीसी क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक न घेता उतरवलेला कुत्रा बाद होतो. कायमचे स्थायिक होणाऱ्यांनी केनेल क्लब ऑफ इंडियाच्या चेन्नईच्या कार्यालयाकडून एक्स्पोर्ट पेडिग्री भारत सोडण्याआधीच मिळवावी.

त्याहून वेळखाऊ आहे रेबीजची प्रक्रिया. आधी मायक्रोचिप, मग पिल्लू किमान बारा आठवड्यांचं झाल्यावर लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी. त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याहून जास्त यावं लागतं. रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. शेवटी आरोग्य प्रमाणपत्र आणि प्रवेशाआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमींवरचा उपचार. शोची तारीख डोळ्यांसमोर ठेवून मागे मोजलंत, तर किमान पाच-सहा महिने हाताशी ठेवावे लागतील.

आपल्या मराठवाड्यातल्या कारवानबद्दलही विचारणा होते. भारतात केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्ये तो उतरतो, पण ब्रिटिश केनेल क्लबच्या मान्य जातींमध्ये तो नाही. त्यामुळे इथे त्याला जातीच्या वर्गात प्रवेश नाही, कम्पॅनियन शो मात्र खुला आहे. इतक्या देखण्या, काटक शिकारी कुत्र्याला इथे रिंग नाही याची मला खंत वाटते.

क्रफ्ट्स

बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या क्रफ्ट्सला नुसती नोंदणी पुरत नाही, पात्रता जिंकावी लागते. चॅम्पियनशिप शोच्या ठरावीक वर्गांत वरचा क्रमांक, बेस्ट पपी किंवा चॅलेंज सर्टिफिकेट हे त्याचे मुख्य मार्ग. कोणत्या वर्गातला कितवा क्रमांक धरायचा हे जातीनुसार बदलतं, म्हणून त्या वर्षीचा तक्ता पाहूनच शो निवडावेत.

२०१२ पासून काही जातींच्या बेस्ट ऑफ ब्रीड, म्हणजे त्या जातीत सर्वोत्तम ठरलेल्या, विजेत्याची पशुवैद्याकडून तपासणीही होते. पहिल्याच वर्षी पंधरापैकी सहा जातींचे विजेते त्यात नापास झाले. बुलडॉग आणि पेकिनीज त्यांत होते. चपट्या नाकाची किंवा सैल कातडीची जात घेणाऱ्यांनी पिल्लाच्या आई-बापांचा श्वास आणि डोळे आधी बघावेत, बक्षिसं मग.

मोठ्या यशानंतर कुत्र्याला स्टड बुक क्रमांक, म्हणजे क्लबच्या मोठ्या विजेत्यांच्या नोंदवहीतला क्रमांक, मिळाला, तर तो क्रफ्ट्ससाठी आयुष्यभर पात्र ठरतो. तरीही अर्ज दर वर्षी नव्याने आणि मुदतीतच भरावा लागतो.