आफ्रिका–युरोप रेडिओ खगोलशास्त्रीय सहकार्य

अवकाशातून येणाऱ्या रेडिओ तरंगांच्या अभ्यासासाठी आफ्रिका व युरोप या खंडांतील वेधशाळा, विद्यापीठे आणि शासकीय संस्था मिळून जे वेधकार्य, उपकरणनिर्मिती व प्रशिक्षण करतात, त्यास ही संज्ञा लावली जाते. संकुचित अर्थाने ती २०१२ नंतर आकारास आलेल्या धोरणात्मक भागीदारीपुरती वापरली जाते. प्रस्तुत नोंदीत व्यापक अर्थ घेतला असून दुर्बिणींच्या प्रत्यक्ष जोडणीवर भर दिला आहे.

या सहकार्याचा प्रारंभ कोठून मानावा याविषयी एकवाक्यता नाही. धोरणविषयक लेखनात सामान्यतः मार्च २०१२ हा आरंभ धरतात. आफ्रिकेतील विज्ञानक्षमता वाढविण्यासाठी दोन्ही खंडांत रेडिओ खगोलशास्त्राची भागीदारी उभारावी, अशा आशयाचा लेखी जाहीरनामा युरोपीय संसदेने त्या महिन्यात संमत केला आणि ‘आफ्रिका-युरोप रेडिओ खगोलशास्त्र मंच’ या नावाखाली पुढील काम चालले. वेधशाळांच्या नोंदवह्या पाहणाऱ्यास मात्र ही तारीख फारच अलीकडची वाटते, कारण दक्षिण आफ्रिकेतील हार्टेबीस्टहुक येथील २६ मी. व्यासाची दुर्बीण त्यापूर्वी कित्येक वर्षे युरोपीय दुर्बिणींबरोबर वेध घेत होती. ही दुर्बीण मुळात खगोलशास्त्रासाठी बांधलेली नाही. जोहान्सबर्गच्या पश्चिमेस सुमारे ५० किमी. अंतरावर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत अमेरिकेच्या ‘नासा’ने ती १९६१ मध्ये उभारली व दूरच्या अवकाशयानांचा माग ठेवण्यासाठी वापरली. नासाने १९७४ मध्ये स्थानक सोडल्यावर ती दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आली आणि १९७५ पासून तिचा रेडिओ दुर्बीण म्हणून नियमित वापर होऊ लागला.

याहूनही मागे जाता येते. नायजेरियाचे सॅम्युएल ओकोये हे केंब्रिज येथे अँटनी ह्यूइश यांच्याबरोबर संशोधन करीत असताना १९६५ मध्ये दोघांनी क्रॅब अभ्रिकेत (ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या वायूच्या ढगात) एक अतिशय लहान पण असाधारण तेजस्वी रेडिओ स्रोत असल्याचे जाहीर केले. त्यांची युक्ती साधी होती. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, कारण ताऱ्याचा बिंब-कोन अत्यल्प असतो. तसेच सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युत्भारित वाऱ्यातून येताना केवळ लहान कोनाचे रेडिओ स्रोतच चमचमतात. क्रॅब अभ्रिका आकाशात चांगलीच पसरलेली असूनही कमी कंप्रतेवर (तरंगांच्या वारंवारतेवर) तिच्यातील काही भाग चमचमत होता, म्हणजे आत काहीतरी सूक्ष्म दडलेले होते. १९६८ मध्ये तेथे स्पंदक (वेगाने फिरत नियमित रेडिओ स्पंद पाठवणारा, अतिशय घन न्यूट्रॉन तारा) सापडला तेव्हा या निरीक्षणाचा अर्थ लागला. ओकोये मायदेशी परतले व एन्सुका येथील विद्यापीठात त्यांनी १९७२ मध्ये अवकाश संशोधन केंद्र स्थापन केले. तथापि हे काम गुरू व शिष्य यांच्या पातळीवरचे होते. दोन खंडांतील संस्थांना बांधणारी व्यवस्था त्यात नव्हती. म्हणून केंब्रिजमधील हा अध्याय पूर्वपीठिका आणि हार्टेबीस्टहुक हा प्रत्यक्ष प्रारंभ मानणे अधिक ग्राह्य दिसते. २०१२ च्या जाहीरनाम्याने आधीपासून चालू असलेल्या कामास राजकीय मान्यता दिली, एवढेच म्हणता येईल.

हार्टेबीस्टहुकची गरज युरोपला का भासली, हे अतिदीर्घ आधाररेषा व्यतिकरणमापनाच्या पद्धतीवरून स्पष्ट होते. या पद्धतीत एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच स्रोताकडे रोखतात. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर या अत्यंत अचूक अणुघड्याळाच्या आधारे कालनोंद घातलेला संकेत साठवला जातो किंवा प्रकाशतंतूंच्या जाळ्यावरून थेट पाठवला जातो आणि मध्यवर्ती संगणकावर सर्व संकेत जुळवून पाहिले जातात. या पद्धतीने एकत्र वेध घेणाऱ्या युरोपीय दुर्बिणींच्या जाळ्याची (हे जाळे १९८० मध्ये स्थापन झाले) ही जुळणी नेदरलँड्समधील ड्विंगेलू येथे ‘जाइव्ह’ या संस्थेत होते. सूक्ष्म तपशील दिसण्याची क्षमता तबकडीच्या व्यासापेक्षा दोन दुर्बिणींतील अंतरावर ठरते. हार्टेबीस्टहुक व जर्मनीतील १०० मी. व्यासाची एफेल्सबर्ग दुर्बीण यांतील सरळ अंतर सुमारे ८,००० किमी. आहे, ६ सेंमी. तरंगलांबीवर त्यातून विकलेच्या सुमारे दीड सहस्रांशाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो.

अंतराइतकीच दिशाही महत्त्वाची आहे. पृथ्वी फिरते तशी दोन दुर्बिणींना जोडणारी रेषा स्रोताच्या दृष्टीने वळत जाते व त्यामुळे थोड्या दुर्बिणींतूनही पुष्कळ वेगवेगळ्या रेषांचे मापन मिळते. पण खगोलीय विषुववृत्ताजवळच्या स्रोतांबाबत हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. तेथे रेषेचा पूर्व-पश्चिम घटक तेवढा बदलतो, उत्तर-दक्षिण घटक जवळपास तसाच राहतो. परिणामी मुख्यतः पूर्व-पश्चिम पसरलेल्या जाळ्याने काढलेली प्रतिमा उत्तर-दक्षिण दिशेत फरपटल्यासारखी दिसते. हा दोष दूर करण्यास दक्षिणेकडे दूरवर एखादी दुर्बीण असावी लागते, आणि रेखांश फारसे भिन्न नसल्याने दक्षिण आफ्रिकेतून व युरोपातून तोच स्रोत एकाच वेळी बराच काळ दिसतो. या सोयीची किंमत ऑक्टोबर २००८ मध्ये कळून आली. २६ मी. दुर्बिणीचा ध्रुवाक्ष ज्यांवर फिरतो त्यांपैकी दक्षिणेकडील बेअरिंग निकामी झाले आणि २०१० मध्ये दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ती वेधांसाठी बंद राहिली. शेकडो टनांची रचना उचलून धरल्याशिवाय ते बेअरिंग बदलता येण्यासारखे नव्हते. युरोपीय जाळ्याच्या लांब उत्तर-दक्षिण रेषा तेवढ्या काळापुरत्या खंडित झाल्या.

एक अडचण मात्र हार्टेबीस्टहुक चालू असतानाही राहते. युरोप आणि दक्षिण आफ्रिका यांच्या मध्ये दुर्बीण नसल्यामुळे मध्यम लांबीच्या रेषा मिळत नाहीत व स्रोताची मध्यम आकाराची वैशिष्ट्ये प्रतिमेतून गळतात. आफ्रिकी अतिदीर्घ आधाररेषा जाळ्याची (संक्षेपाने ‘एव्हीएन’) कल्पना या पोकळीतून निघाली. तिला साधन पुरवले ते दूरसंचाराच्या इतिहासाने. १९७० व १९८० च्या दशकांत अनेक आफ्रिकी देशांनी आंतरराष्ट्रीय दूरध्वनी व दूरचित्रवाणीसाठी सुमारे ३० मी. व्यासाची उपग्रह भू-स्थानके बांधली होती. पुढे खंडाच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्राखालील प्रकाशतंतू केबली पोहोचल्या आणि या प्रचंड तबकड्या निकामी ठरल्या. अशा तबकड्यांचे रेडिओ दुर्बिणीत रूपांतर याआधी ऑस्ट्रेलियातील सेड्यूना, जपानमधील यामागुची व न्यूझीलंडमधील वॉर्कवर्थ येथे झालेले असल्याने कल्पना अगदीच नवी नव्हती.

घानातील आक्राजवळच्या कुंटुन्से येथील ३२ मी. व्यासाची, १९८१ मध्ये बांधलेली तबकडी या योजनेत प्रथम रूपांतरित झाली. रूपांतराचा तांत्रिक भाग सविस्तर पाहण्यासारखा आहे. दूरसंचाराची तबकडी भूस्थिर उपग्रहाकडे तोंड करून उभी असते व अंशाच्या अल्प भागाएवढी हलली तरी तिचे काम भागते. रेडिओ दुर्बिणीला मात्र आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळावे लागते आणि त्यानंतर तासन्‌तास स्रोताचा अचूक पाठलाग करावा लागतो. त्यामुळे मोटारी, गिअर व नियंत्रणप्रणाली यांकडे नव्याने लक्ष द्यावे लागले. तबकडीने गोळा केलेले तरंग मात्र पूर्वीप्रमाणेच आरशांच्या साखळीतून खालच्या खोलीत उतरवले जातात, ही रचना खगोलशास्त्रास सोयीची ठरते, कारण ग्राहक यंत्र तबकडीबरोबर कलंडत नाही व देखभालीसाठी हाताशी राहते. तरंग ग्राहकाकडे वळवणारे मूळचे फीड हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचे भाग) हेही कामी आले. उपग्रहाकडे संदेश पाठविण्याचा पट्टा ६.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास संपतो आणि मेथॅनॉल मेसरची (अवकाशातील मेथॅनॉल रेणूंकडून नैसर्गिकरीत्या वर्धित होणाऱ्या रेडिओ उत्सर्जनाची) प्रखर वर्णपटरेषा ६.६७ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी, येते. ती रेषा नव्याने जन्मणाऱ्या मोठ्या ताऱ्यांच्या परिसरात आढळते. कुंटुन्सेच्या पहिल्या वेधांत मेथॅनॉल मेसर, स्पंदक आणि इतर दुर्बिणींबरोबरचे व्यतिकरण पट्टे (दोन दुर्बिणींचे संकेत जुळल्याची खूण) यांचा समावेश होता. दक्षिण आफ्रिकेच्या तंत्रज्ञांनी घानातील अभियंत्यांबरोबर केलेल्या या कामाचे उद्‌घाटन घानाचे राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-आडो यांच्या हस्ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी झाले. केनियातील लाँगोनॉट, झांबियातील म्वेंबेशी व मादागास्करमधील अरिव्होनिमामो येथील स्थानकांचाही याच दृष्टीने विचार झाला.

प्रशिक्षणाचा भाग मुख्यतः ब्रिटनने उचलला. लीड्स विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘डारा’ प्रकल्पात घाना, केनिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया आदी देशांतील पदवीधरांना रेडिओ खगोलशास्त्राचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. काहींना दुर्बिणीवरील प्रत्यक्ष अनुभवासाठी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील गूनहिली येथे नेण्यात आले. गूनहिली हेही जुने उपग्रह भू-स्थानकच आहे, त्यामुळे तेथे शिकलेले मायदेशातील तशाच तबकडीवर वापरता येते. युरोपीय संघाच्या निधीतून जाइव्हने चालवलेल्या ‘जंपिंग जाइव्ह’ प्रकल्पातही आफ्रिकी जाळ्याच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र विभाग होता.

सहकार्याचा सर्वांत मोठा व सर्वपरिचित भाग दक्षिण आफ्रिकेच्या कारू या निमवाळवंटी प्रदेशात आहे. लोकवस्ती विरळ असल्याने तेथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असतो व २००७ च्या कायद्याने त्या शांततेस संरक्षण दिले. सात तबकड्यांच्या केएटी-७ (‘कारू ॲरे टेलिस्कोप’) या दुर्बिणीनंतर तेथे १३.५ मी. व्यासाच्या ६४ तबकड्यांची ‘मीरकॅट’ दुर्बीण उभी राहिली आणि १३ जुलै २०१८ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. आफ्रिकान्स भाषेत ‘मीर’ म्हणजे ‘अधिक’. नाव ‘आणखी केएटी’ असेही वाचता येते आणि त्या प्रदेशातील मुंगसाच्या जातीच्या प्राण्याचेही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या प्रकल्पाचे नेतृत्व प्रदीर्घ काळ बर्नी फॅनारॉफ यांच्याकडे होते. केंब्रिजमध्ये ज्यूलिया राइली यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये केलेले रेडिओ दीर्घिकांचे वर्गीकरण अजूनही दोघांच्या नावाने चालते. त्यानंतरची कित्येक वर्षे मात्र त्यांनी कामगार संघटनेत व पुढे मंडेला यांच्या शासनात घालवली.

मीरकॅटचे १.७५ ते ३.५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील ग्राहक बॉन येथील माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेने तयार करून दिले आणि दुर्बिणीच्या विस्तारात जर्मनीची माक्स प्लांक सोसायटी व इटलीची राष्ट्रीय खगोलभौतिकी संस्था सहभागी आहेत. बॉन व मँचेस्टर येथील गटांच्या पुढाकाराने चाललेल्या स्पंदकशोधात एनजीसी १८५१ या तारकागुच्छात सेकंदाला १७० हून अधिक वेळा फिरणारा एक स्पंदक सापडला. त्याच्या जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले आहे. तो जड न्यूट्रॉन तारा आहे की हलके कृष्णविवर, हे ठरलेले नाही.

मीरकॅट पुढे ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ (एसकेए) या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या मध्यम कंप्रतेच्या भागात सामावली जाणार आहे. २५ मे २०१२ रोजी हा भाग आफ्रिकेला व कमी कंप्रतेचा भाग ऑस्ट्रेलियाला देण्यात आला. नियोजित १९७ तबकड्यांपैकी ६४ मीरकॅटच्या असतील. प्रकल्पाच्या करारावर १२ मार्च २०१९ रोजी रोम येथे सात देशांनी सह्या केल्या. त्यांत ब्रिटन, इटली, नेदरलँड्स व पोर्तुगाल हे चार युरोपीय होते आणि आफ्रिकेतून एकटा दक्षिण आफ्रिका होता. घाना, केनिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया, मोझांबिक, मादागास्कर व मॉरिशस हे आठ देश ‘भागीदार’ म्हणवले जातात. प्रकल्पाचे मुख्यालय इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे आहे. सहकार्यातील असमतोल मोजायचा झाल्यास हे तपशील पुरेसे बोलके आहेत. कारूतील मेंढपाळ शेतकऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे: दुर्बिणीसाठी चराईची मोठी क्षेत्रे विकत घेतली गेली आणि भ्रमणध्वनीवर बंधने आली. घेतलेल्या जमिनीचा बराच भाग २०२० मध्ये मीरकॅट राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

नामिबियात नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठ व नामिबिया विद्यापीठ यांनी गाम्सबर्ग या सपाट माथ्याच्या डोंगराचा विचार करून मिलिमीटर तरंगलांबीच्या दुर्बिणीची योजना आखली. कृष्णविवरांच्या प्रतिमा घेणाऱ्या जागतिक जाळ्यात आफ्रिकेची जागा रिकामी असून ती भरणे हा हेतू आहे. चिलीतील वापरातून गेलेली १५ मी. व्यासाची स्वीडिश-युरोपीय दुर्बीण तेथे आणावी, असा मूळ विचार होता. उत्तर व पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच भाषक देश या सर्व योजनांत फारसे दिसत नाहीत.

भारताचा या इतिहासाशी संबंध दोन ठिकाणी येतो. एसकेएच्या भारतीय सहभागाचे केंद्र पुण्याची राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी संस्था असून नारायणगावजवळच्या खोडद येथील तिची ‘जीएमआरटी’ ही ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण एसकेएची पूर्वसूरी मानली जाते. दुसरा संबंध जुना आहे. मॉरिशसमधील ब्रास दो येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी मॉरिशस विद्यापीठाने बंगळूरच्या दोन भारतीय संस्थांसह १५१.५ मेगाहर्ट्‌झची रेडिओ दुर्बीण उभारली. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या या दुर्बिणीच्या सुमारे २ किमी. लांब पूर्व-पश्चिम भुजेवर १,०२४ सर्पिल अँटेना पक्क्या बसवलेल्या होत्या. दक्षिणेकडील भुजेवर मात्र रूळ टाकून अँटेना ट्रॉल्यांवर ठेवल्या होत्या व त्या पुढे सरकवत दिवसामागून दिवस मापने घेऊन दक्षिण आकाशाचा नकाशा तयार केला जाई.