पुन्हा आलेलं जुनं आणि पहिल्यांदाच आलेलं जुनं

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन 1967 मध्ये गेला. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर 2018, 2019, 2021 आणि 2023 या सालांत त्याचे चार ‘नवे’ अल्बम आले. त्याच सुमारास त्याचे जुने, चाहत्यांना तोंडपाठ असलेले अल्बमही जाड पुठ्ठ्याच्या कव्हरात, 180 ग्रॅमच्या जड तबकडीवर पुन्हा निघाले. दोन्हींच्या कव्हरवर तसेच काळे-पांढरे फोटो आणि तीच नावं. कोपऱ्यात एखादं गोल स्टिकर. जॅझ नुकतं ऐकू लागलेल्या माणसाने यातलं नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते ओळखायचं कसं?

पहिला प्रकार म्हणजे रीइश्यू. एकदा बाजारात येऊन गेलेला अल्बम पुन्हा काढणं. दुसऱ्या प्रकारात रेकॉर्डिंग जुनं असतं, अल्बम मात्र आजचा. टेप त्या काळातली, पण ती कुणाच्या तरी घरी, कंपनीच्या गोदामात नाहीतर ग्रंथालयाच्या संग्रहात पडून राहिलेली. त्याला इथे ‘सापडलेला अल्बम’ म्हणतो. स्ट्रीमिंगवर अनेकदा दोन्हींपुढे अलीकडचंच साल झळकतं, आणि मग ऐकणारा एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा करत बसतो.

रीइश्यूमागचे निर्णय तेव्हाच झालेले असतात. कुठला टेक (रचनेचं एकेका वेळचं रेकॉर्डिंग) घ्यायचा, कुठला टाकायचा, पहिल्या बाजूला काय आणि शेवटी काय, हे वादक आणि निर्माता यांनी मिळून ठरवलेलं असतं. त्यामुळे रीइश्यू हातात आला की विचारायचं ते एवढंच: हा कुठल्या टेपवरून काढला, आणि मूळ तबकडीपेक्षा यात वेगळं काय ऐकू येतं? सापडलेल्या अल्बमच्या बाबतीत निवड करणारा माणूस बहुधा आजचा असतो आणि वाजवणाऱ्याला विचारायची सोय उरलेली नसते. तिथे प्रश्न बदलतात. ही टेप मुळात केली कशासाठी? आणि इतकी वर्षं पडून का राहिली?

रीइश्यूने खरंच काही बदलतं का, अशी शंका रास्त आहे. एकच अल्बम तिसऱ्यांदा विकत घेतल्यावर ती मलाही आली. पण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ बघा. 2 मार्च 1959 च्या सत्रात मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर घेतलेलं नेहमीच्या गतीने वाजवलं की ते जलद होतं आणि सूरही चढतो. त्यामुळे ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ ही पहिल्या बाजूवरची तिन्ही तीसेक वर्षं किंचित चढ्या सुरात ऐकली गेली. तबकडीच्या साथीने वाद्य वाजवू पाहणाऱ्यांना आपलं वाद्य जुळत नाही हे कळत असणार, पण दोष बहुतेकांनी स्वतःच्या वाद्याला दिला असेल. सत्राच्या वेळी दुसऱ्या मशीनवर राखीव टेपही चालू होती आणि तिची गती बरोबर होती. 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत ती वापरली गेली. दुसरी बाजू 22 एप्रिलची, तिथे हा घोळ नाही. म्हणजे या अल्बमच्या जुन्या आणि नव्या प्रतीत स्वरांचीच उंची वेगळी आहे.

एकाच रचनेवर दोन्ही प्रकार शेजारी ठेवायचे तर कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ सोयीचा. मूळ अल्बम 9 डिसेंबर 1964 ला रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झाला. चार भाग, तेहतीस मिनिटं. 2002 ची आवृत्ती इंग्लंडमध्ये मिळालेल्या जुन्या टेपवरून काढली आणि मूळ अल्बमचा आवाज स्पष्ट झाला. अल्बमचा आकार तोच राहिला. त्या आकाराला कुणी हात लावूही नये असा तो आहे.

2021 मध्ये आलेला ‘अ लव्ह सुप्रीम: लाइव्ह इन सिअ‍ॅटल’ हा सापडलेला. 2 ऑक्टोबर 1965 ला सिअ‍ॅटलच्या पेंटहाउस क्लबमध्ये जो ब्राझील या सॅक्सोफोनवादकाने ती मैफल टेप केली आणि ती त्याच्या संग्रहात राहिली. तीच चार भागांची रचना इथे पंचाहत्तर मिनिटांच्या आसपास जाते. कोल्ट्रेनच्या नेहमीच्या चौघांच्या संचाखेरीज फॅरो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड हे आणखी दोन सॅक्सोफोन, शिवाय डोनाल्ड गॅरेटचा दुसरा बेस. ड्रम्स अंगावर येतात, सॅक्सोफोन काही वेळा खोलीच्या पलीकडून आल्यासारखे वाटतात. स्टुडिओतल्या ध्वनीची सवय झालेला कान आधी कुरकुरतो. पण या रचनेच्या मैफलीतल्या सादरीकरणाचं तोवर एकच रेकॉर्डिंग लोकांपुढे होतं, जुलै 1965 मधलं फ्रान्समधल्या आंतिबचं. स्टुडिओतली प्रार्थना दहा महिन्यांत कुठल्या टोकाला पोचली हे सिअ‍ॅटलमुळे कळतं. तिथे ध्वनीच्या दर्जाची तक्रार करणं म्हणजे पत्रातलं अक्षर वाईट म्हणून पत्रच न वाचणं.

सापडलेल्या अल्बमांत मला लाइव्ह टेपवर जास्त भरवसा वाटतो, स्टुडिओतल्या टेपवर कमी. स्टुडिओतली टेप पडून राहते त्याला पुष्कळदा कारण असतं: कुणाला तरी ती पसंत पडलेली नसते. 2018 चा ‘बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स’ गाजावाजा करून ‘हरवलेला अल्बम’ म्हणून आला. ते सत्र 6 मार्च 1963 चं. मूळ टेप नाहीशी झाली होती. वाचली ती कोल्ट्रेनने घरी ऐकायला नेलेली मोनो (एकाच ध्वनिमार्गाची) प्रत, आणि ती पहिल्या पत्नीच्या, नाइमाच्या कुटुंबाकडे राहिली. वादन उत्तम आहे, वाद नाही. पण ‘इम्प्रेशन्स’चे एकामागून एक टेक ऐकताना जाणवतं की हा अल्बम नव्हेच, एका दिवसाचं काम आहे. ‘हरवलेला’ म्हणायला आधी तो अल्बम असायला हवा होता. हा शब्द स्टिकरवर फार सढळ हाताने वापरला जातो.

मैफलीच्या टेपचं तसं नाही. ती पडून राहते ती बहुतेक वेळा योगायोगाने. 29 नोव्हेंबर 1957 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, सॉनी रोलिन्स अशी मंडळी होती आणि त्यांच्यात पियानोवादक थेलोनियस मंकचा चौकडीचा संच, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने तो कार्यक्रम टेप केला. टेपा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या आणि तिथेच राहिल्या. 2005 मध्ये जुन्या टेपा डिजिटल करताना लॅरी अ‍ॅपलबॉम यांच्या हाती त्या लागल्या, आणि त्याच वर्षी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला.

हे इतकं मोठं का? मंक आणि कोल्ट्रेन 1957 मध्ये काही महिने फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये एकत्र वाजवत होते आणि त्या संचाची ख्याती ऐकूनच माहीत होती. चौकडीचे स्टुडिओतले मोजके तुकडे होते. 1993 मध्ये नाइमाने घरच्या मशीनवर केलेली 1958 ची टेप निघाली, पण तिचा आवाज फारच गढूळ. कार्नेगीच्या टेपमध्ये पियानो आणि सॅक्सोफोन एकमेकांच्या जागा कशा सोडतात ते स्वच्छ ऐकू येतं. मंक मध्येच साथ थांबवतो, पोकळी ठेवतो, आणि कोल्ट्रेन ती सुरांच्या झोताने भरून टाकतो. जॅझमधला सापडलेला एकच अल्बम घ्यायचा असेल तर मी हा घेईन.

मंकचाच 2020 मध्ये आलेला ‘पालो आल्टो’ आकाराने लहान पण लोभस आहे. 27 ऑक्टोबर 1968 ची, कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलच्या सभागृहातली मैफल. ती भरवली सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने. शाळेच्या सफाई कामगाराने पियानो सुरात लावून देतो, बदल्यात मला रेकॉर्डिंग करू द्या, अशी अट घातली. त्या माणसाचा कान तयार होता, एवढं टेप ऐकून सांगता येतं.

2023 च्या ‘ईव्हनिंग्ज अ‍ॅट द व्हिलेज गेट’ची टेप तर क्लबची नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी झाली होती, 1961 मध्ये, एकाच माइकवर. कोल्ट्रेन, एरिक डॉल्फी, आणि या दोघांना झाकोळतील एवढे एल्व्हिन जोन्सचे ड्रम्स. ‘आफ्रिका’ या रचनेचं स्टुडिओबाहेरचं हेच एक रेकॉर्डिंग माहीत आहे.

आतापर्यंत दोन प्रकारांमधली रेघ सरळ होती. ती पुसट होते बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनपाशी. ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट’ 1956 मध्ये आला आणि प्रचंड खपला. न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या 7 जुलैच्या त्या रात्री ‘डिमिन्युएंडो अँड क्रेशेंडो इन ब्लू’च्या मधल्या भागात पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची सत्तावीस आवर्तनं घेतली, श्रोते खुर्च्या सोडून उभे राहिले आणि उतरणीला लागलेल्या एलिंग्टनच्या बँडला दुसरा जन्म मिळाला. हे सगळं खरं. पण गोन्साल्व्हिस भलत्याच माइकसमोर उभा होता. तो माइक व्हॉइस ऑफ अमेरिकाचा होता, त्यामुळे अल्बम काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो लांबून ऐकू येतो. शिवाय महोत्सवासाठी लिहिलेला सूट (अनेक भागांची रचना) पुरेशा तालमीविना वाजला म्हणून एलिंग्टन नाखूश होता. दोन दिवसांनी बँड स्टुडिओत गेला, काही भाग पुन्हा वाजवले गेले आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या. लाइव्ह म्हणून विकलेल्या त्या अल्बमचा बराचसा भाग स्टुडिओतला होता.

पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप मिळाली. 1999 मध्ये फिल शाप यांनी ती आणि कोलंबियाची अशा दोन मोनो टेपा शेजारी बसवून स्टिरिओ तयार केलं. आता गोन्साल्व्हिस समोर येऊन वाजवतो. मग हा रीइश्यू की सापडलेला? नाव जुनं, कव्हरही जुन्यासारखंच, आत मात्र त्या रात्री घडलेलं पहिल्यांदाच. मी त्याला सापडलेल्यांत धरतो. 1956 ची तबकडी मात्र फेकू नये. तीच तर त्या पिढीने ऐकली, आणि एलिंग्टनला तीच लोकांपुढे जावी असं वाटत होतं.

‘लाइव्ह’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे यातून कळतंच. कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या 1966 च्या ‘मर्सी, मर्सी, मर्सी!’वर ‘लाइव्ह अ‍ॅट द क्लब’ असं छापलंय. तो झाला हॉलीवूडमध्ये कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत, पाहुणे बोलावून आणि त्यांच्यासाठी बार मांडून. टाळ्या खऱ्या, क्लब खोटा. 15 मे 1953 च्या टोरंटोतल्या मॅसी हॉलच्या मैफलीत चार्ली पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि चार्ल्स मिंगस एकत्र होते. मिंगसला आपला बेस नीट आला नाही असं वाटलं, म्हणून त्याने तो नंतर स्टुडिओत वरून वाजवला. नंतरच्या काही आवृत्त्यांत मूळचा बेस मिळतो, आणि तोच घ्यावा.

ओळखायचं कसं, तर मागच्या बाजूला दोन तारखा शोधा: रेकॉर्डिंगची आणि पहिल्या प्रकाशनाची. दोन्हींत वर्ष-दीड वर्षाचं अंतर असेल तर रीइश्यू, पन्नास वर्षांचं असेल तर सापडलेला. रीइश्यूवर टेपचा उल्लेख आहे का ते पाहा. ब्लू नोटच्या 2019 पासूनच्या टोन पोएट मालिकेसारख्या प्रकाशनांत मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून तबकडी कापली हे स्पष्ट सांगितलेलं असतं. युरोपातून येणाऱ्या स्वस्त प्रतींत ते बहुधा सापडणार नाही. तिथे 1963 पूर्वी निघालेल्या रेकॉर्डिंगवरचा ध्वनिहक्क संपलेला असल्याने कुणीही त्या काढू शकतो, आणि मूळ टेप अशा प्रकाशकाकडे नसते. सापडलेल्या अल्बममध्ये सोबतची पुस्तिका वाचा. टेप कुणी केली, कुठे मिळाली, वारसांची परवानगी आहे का, हे सांगायला तिथे जागा असते. सांगितलेलं नसेल तर मी तरी सावध होतो.

एक मैफल मात्र दोन्ही रूपांत घरात असावी. 25 जून 1961, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये पियानोवादक बिल इव्हान्सचा ट्रिओ (तिघांचा संच) दुपारपासून रात्रीपर्यंत पाच वेळा बसला. अकरा दिवसांनी पंचवीस वर्षांचा बेसवादक स्कॉट लफारो मोटार अपघातात गेला. त्यानंतर जो अल्बम बांधला, ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, त्यात निवड अशी केली की लफारो पुढे यावा. सुरुवातीला त्याची ‘ग्लोरियाज स्टेप’, शेवटी त्याचीच ‘जेड व्हिजन्स’. उरलेल्यातून 1962 मध्ये ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ झाला. या दोन तबकड्यांचे चांगले रीइश्यू म्हणजे त्या शोकातून केलेली निवड.

2005 च्या तीन सीडींच्या संपूर्ण संचात तो दिवस घडला तसा आहे. पेले किणकिणतात, मागच्या टेबलावर कुणीतरी हसतं, बरेच जण आपसांत बोलत असतात. पहिलीच रचना ‘ग्लोरियाज स्टेप’, आणि ती चालू असताना वीज गेल्याने टेप मध्येच तुटते. 1961 च्या तबकडीवर तिचा दुसरा, सलग टेक आहे.