फुटपाथवरची झाडी: महापालिकेकडचा अर्ज नेमका कुठे अडतो

पाऊस दोन महिने मुरला की नाशिकचे फुटपाथ दिसेनासे होतात. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गाजरगवत, डीपीच्या कडेने टणटणी, बंगल्याच्या कंपाउंडवरून बाहेर झुकलेली बोगनवेल आणि गुलमोहराची फांदी तर नेमकी डोळ्यांच्या उंचीवर. चालणारा मग खाली रस्त्यावर उतरतो. संध्याकाळी गंगापूर रोडला किंवा दिंडोरी रोडला रस्त्यावर उतरून चालणं काय असतं, ते नाशिककराला सांगायला नको.

लोक तक्रार करत नाहीत असं अजिबात नाही. करतात, ‘तक्रार निकाली’ असा मेसेज येतो आणि झाडी जागच्या जागी. ओळखीच्यांना अर्ज लिहून देता देता असे बरेच कागद माझ्या डोळ्यांखालून गेले. तक्रार खोटी क्वचितच असते. चुकतो तो पत्ता, नाहीतर मजकूर, नाहीतर तारीख.

अर्ज कुणीही करू शकतो. घर तुमच्या नावावर हवं, घरपट्टी भरलेली हवी, असं काही नाही, भाडेकरूनेही द्यावा. आधारची प्रत, मोबाइल नंबर, दोन-तीन फोटो आणि साध्या कागदावर मजकूर एवढं पुरतं. महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे आपलं सिडको, आणि सातपूर. ज्या विभागात फुटपाथ, त्याच विभागीय कार्यालयात अर्ज. ॲपवरून तक्रार टाकली तरी चालते, पण कागदही द्याच. कारण पुढे येईल.

आता पहिली अडचण: रस्ता कुणाचा? देवळाली कॅम्पातला रस्ता असेल तर महापालिकेचा संबंधच नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून जाणाऱ्या सर्व्हिस रोडचा फुटपाथ असेल तर महामार्ग प्राधिकरणाचं नाव निघतं आणि तुमचा अर्ज दोन कार्यालयांच्या मधे लोंबकळतो. अशा ठिकाणी दोघांनाही स्वतंत्र अर्ज द्या आणि प्रत्येकावर ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दुसऱ्याचं नाव घाला. मग ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर त्यांना एकमेकांसमोर द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त अडतात ते नवीन ले-आउटमधले लोक. रस्ता आहे, फुटपाथ आहे, दिवेही आहेत, पण खिडकीवर सांगतात, ‘रस्ता महापालिकेकडे वर्ग झालेला नाही, हस्तांतरणाचा कागद आणा.’ हा कागद कुणाकडेच नसतो. बिल्डर फोन उचलत नाही, सोसायटीच्या कपाटात तो नसतो, आणि मुळात तो असेल तर महापालिकेच्याच दप्तरी असणार. तो शोधत तुम्ही फिरू नका. ज्या गटात ले-आउट आहे त्याचा सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. कब्जेदाराच्या जागी रस्त्याच्या क्षेत्रासाठी महापालिकेचं नाव दिसलं तर विषय संपला. नाही दिसलं तर अर्जातच लिहा: ‘सदर रस्ता हस्तांतरित झाला आहे किंवा कसे, याची खात्री नगररचना विभागाकडून करून घ्यावी.’ कागद शोधायचं काम ज्याच्याकडे दप्तर आहे त्याच्यावर गेलं पाहिजे.

दुसरी चूक मन मोकळं करण्याची. एकाच अर्जात झाडी, उखडलेले ब्लॉक, वडापावची गाडी, बंद पथदिवा आणि शेवटी पाण्याचा दाबसुद्धा! महापालिकेत फांद्या उद्यान विभागाच्या, ब्लॉक बांधकामाचे, गाडी अतिक्रमणाची, कचरा घनकचऱ्याचा. पाच विषयांचा अर्ज एका टेबलावर पडतो, ते टेबल आपल्यापुरतं बघतं आणि बाकीच्या चार विषयांसकट तक्रार निकाली निघते. एका अर्जात एकच जागा आणि एकच काम मागा. ‘कॉलेज रोडवर सगळीकडे’ असं लिहू नका. कोणत्या दुकानासमोरून कोणत्या वळणापर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, असं लिहा. आणि ‘फुटपाथ’ बोलण्यात ठीक, अर्जात ‘पदपथ’ लिहा. हसू येतं, पण कारकुनाच्या रजिस्टरात तोच शब्द असतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. रागाच्या भरात लोक लिहितात, ‘हे झाड काढून टाकावे.’ तसं लिहिलंत की अर्जाची जातच बदलते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. झाड तोडायचं म्हटलं की वृक्ष अधिकारी, पाहणी, नोटीस, हरकती हे सगळं आलं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशिकमध्ये जो विरोध झाला त्यानंतर कोणता अधिकारी उगाच तोडणीच्या फाइलवर सही करेल? तुम्हाला झाड नको असतं असंही नाही, वाट हवी असते. म्हणून ‘पदपथावर आलेल्या फांद्यांची छाटणी’ एवढंच मागा. बोगनवेल खासगी बंगल्याची असेल तर ‘मालकास सूचना द्यावी’ अशी मागणी करा. आणि कृपा करून स्वतः कोयता घेऊन जाऊ नका. गाजरगवत उपटायला कुणी अडवणार नाही (हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते), पण झाडाला हात लावलात तर तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

फोटोबद्दल. हिरवंगार झुडूप दाखवणाऱ्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. घरातली मोजपट्टी न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथावर किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी जागा सांगितली आहे. झाडी आणि कठड्याच्या मधे उरलेल्या जागेवर पट्टी ठेवून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. ‘चालायला त्रास होतो’ यावर वाद घालता येतो, ‘60 सेंटिमीटर उरले आहेत’ यावर घालता येत नाही. सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलं आहे. त्याचा उल्लेख एका ओळीत करा, पानभर नको. व्याख्यान वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो.

आता कागदाचं कारण. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब आले की शिक्का मारून ठेवतो’ यावर विसंबलेल्या किती जणांना मी नंतर कपाळाला हात लावताना पाहिलंय. आवक क्रमांक नसेल तर तुम्ही अर्ज केलेलाच नाही, असं धरून चाला.

महिनाभरात काही हललं नाही तर लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांसमोर तक्रार मांडता येते. इथे दोन गोष्टी लोकांना हमखास भोवतात. एक, अर्ज त्या सोमवारी द्यायचा नसतो. तो विहित नमुन्यात, 15 दिवस आधी, पहिल्या अर्जाची पोच जोडून द्यायचा असतो. सोमवारी सकाळी रजा टाकून आलेली माणसं तशीच परत जातात. दुसरी मेख अजून मोठी: तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. फुटपाथ सगळ्यांचा, म्हणून लोक सोसायटीभर सह्या गोळा करतात आणि नेमका त्याच कारणाने अर्ज बाद होतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा ‘आम्ही सर्व रहिवासी’ असा अर्ज परत आला. पुढच्या वेळी त्यांनी लिहिलं: ‘मी 71 वर्षांची असून गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. फिजिओथेरपीला याच पदपथाने जावे लागते.’ घेतला गेला. नियम चांगला आहे असं मी म्हणत नाही. सह्यांचा कागद नगरसेवकाला द्या. महापालिकेची निवडणूक रखडल्याने 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, आता आहेत.

तिथेही भागलं नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. ‘झाडी का कापली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी, स्थळपाहणी अहवाल, छाटणीच्या कामाचा कार्यादेश आणि अदा केलेले देयक. उत्तराचे 30 दिवस कार्यालयाला अर्ज मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही. उत्तर आलंच नाही तर ते 30 दिवस संपल्यानंतरच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. अपील घाईने आधी केलं तर मुदतपूर्व ठरतं, आणि ‘येईल उत्तर, सणवार आहेत’ म्हणत बसलात तर मुदत निघून जाते.

बरेचदा एवढ्यावर गाडी येते, कर्मचारी येतात, फांद्या उतरतात. उतरलेल्या फांद्यांचा ढीग मात्र त्याच फुटपाथवर राहतो, कारण तो उचलायचं काम घनकचऱ्याचं. तेव्हा पट्टी आणि फोन घेऊन पुन्हा एकदा जा. नवीन अर्ज, दोन प्रती, शिक्का.