थोडंसं किरणोत्सारी साहित्य पाठवायचंय? वर्गीकरण, पात्रता आणि कागदपत्रं

आरआयए किट (किरणोत्सारी आयोडिन वापरून रक्तातली संप्रेरकं वगैरे मोजण्याचे संच) वापरणाऱ्या लॅब, न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, विद्यापीठांतल्या संशोधन प्रयोगशाळा या सगळ्यांना कधी ना कधी किरणोत्सारी माल दुसरीकडे पाठवावा लागतो. "अगदी थोडंच तर आहे" असं म्हणून थेट खोका बांधायला घेणं, ही इथली सगळ्यात घातक सवय. थोडं म्हणजे किती, हे नियमांनी आकड्यांत ठरवून दिलंय आणि तो आकडा प्रत्येक समस्थानिकासाठी (आयोडिन-१२५, आयोडिन-१३१ अशा एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी) वेगळा आहे. म्हणून आधी हिशोब, मग खोका.

कोण पाठवू शकतं?

भारतात हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे मुंबईत अणुशक्तिनगरला असलेल्या एईआरबीच्या अखत्यारीत येतो. मंडळाची वाहतूक संहिता आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांवर बेतलेली आहे. किरणोत्सारी साहित्य बाळगायची आणि वापरायची परवानगी असलेल्या संस्थेनेच ते पाठवायचं. ही परवानगी आणि नवा स्रोत विकत घेण्याआधीची मंजुरी, दोन्ही 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीतून घ्यावी लागतात. ज्यांना पाठवताय त्यांच्याकडेही तशी परवानगी आहे ना, हे माल निघण्याआधी तपासा. नुसतं फोनवरचं "हो, आहे" पुरेसं धरू नका, प्रत मागवून घ्या. वर्गीकरणाची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. कुरियरवाला किंवा विमान कंपनीचा माणूस ते ठरवून देणार नाही.

दोन उंबरठे

पहिला उंबरठा सूट मिळण्याचा. प्रत्येक समस्थानिकासाठी दोन आकडे दिलेले असतात: दर ग्रॅममागे किती बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आणि संपूर्ण खेपेत, म्हणजे एका वेळी एकत्र पाठवलेल्या सगळ्या मालात, किती बेकरेल. दोन्ही ओलांडले गेले तरच तो माल वाहतूक नियमांच्या भाषेत किरणोत्सारी ठरतो. आयोडिन-१२५ साठी हे आकडे १,००० बेकरेल प्रति ग्रॅम आणि १० लाख बेकरेल, म्हणजे १ मेगाबेकरेल, असे आहेत. समजा एका किटमध्ये ०.३ मेगाबेकरेल आहे. एकच किट पाठवलं तर ते या उंबरठ्याच्या आतच राहतं. दहा किट एका खेपेत गेली तर एकूण ३ मेगाबेकरेल होतात, द्रावणाची तीव्रताही सहसा १,००० च्या वर असते, आणि माल नियमांत येतो. ती दहा किट तीन खोक्यांत वाटून पाठवली तरी खेप एकच, बेरीजही तीच.

दुसरा उंबरठा 'एक्सेप्टेड पॅकेज'चा. इथे नियम लागू असतात, पण बऱ्याच सवलती मिळतात. त्यासाठी ए-१ आणि ए-२ ही मूल्यं बघावी लागतात. टाइप ए पॅकेजमध्ये, म्हणजे एक्सेप्टेडच्या वरच्या पायरीच्या जास्त मजबूत पॅकेजमध्ये, जास्तीत जास्त किती माल भरता येतो, ते ही मूल्यं सांगतात. ए-१ मजबूत सीलबंद 'स्पेशल फॉर्म' स्रोतांसाठी, ए-२ बाकी सगळ्यांसाठी. साधा घन पदार्थ असेल तर एक्सेप्टेड पॅकेजमध्ये ए-२ च्या हजाराव्या भागापर्यंत माल चालतो आणि द्रव असेल तर दहा हजाराव्या भागापर्यंत. द्रव सांडतो, पसरतो, म्हणून त्याच्यावर ही जादा कडक मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे.

आयोडिन-१३१ चं ए-२ मूल्य ०.७ टेराबेकरेल, म्हणजे ७ लाख मेगाबेकरेल. म्हणजे द्रवासाठी मर्यादा ७० मेगाबेकरेल, कॅप्सूलसाठी ७००. थायरॉइडच्या कर्करोगावरची ३.७ गिगाबेकरेलची (३,७०० मेगाबेकरेलची) मात्रा या दोन्हींच्या कितीतरी वर जाते, त्यामुळे ती टाइप ए पॅकेजमध्येच पाठवावी लागते.

इथे तारखेकडे नीट बघा. बाटलीवरचा आकडा संदर्भ तारखेचा असतो, आणि ती तारीख पुष्कळदा रवानगीच्या नंतरची असते. आयोडिन-१३१ साधारण ८ दिवसांत निम्मं होतं. ८ दिवसांनंतरच्या तारखेला ५० मेगाबेकरेल असं लिहिलेली बाटली आज १०० मेगाबेकरेलची असते, आणि द्रव असेल तर ती एक्सेप्टेडमध्ये बसत नाही. हिशोब नेहमी रवानगीच्या दिवसाचा करायचा. खोक्यात एकाहून जास्त समस्थानिक असतील तर प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या मर्यादेने भागून बेरीज घ्यायची, ती १ च्या वर जाता कामा नये.

यूएन क्रमांक कोणता?

धोकादायक मालाच्या प्रत्येक प्रकाराला संयुक्त राष्ट्रांचा एक क्रमांक असतो, तो यूएन क्रमांक. एक्सेप्टेड पॅकेजमधल्या मर्यादित प्रमाणातल्या साहित्याला यूएन २९१०. उपकरणात किंवा वस्तूत बसवलेल्या स्रोताला यूएन २९११. अमेरिसियम-२४१ असलेले धूरशोधक यात येतात. नैसर्गिक किंवा क्षीण युरेनियम, नैसर्गिक थोरियम यांपासून बनवलेल्या वस्तूंना यूएन २९०९ आणि रिकाम्या पॅकेजिंगला यूएन २९०८. यूएन २९११ मध्ये एक जादा अट आहे: उघड्या उपकरणापासून १० सेंटिमीटरवर मात्रा-दर, म्हणजे तिथे तासाला मिळणारी किरणांची मात्रा, ताशी १०० मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त नसावा.

साहित्य ज्वलनशील द्रावकात असेल, उदाहरणार्थ टोल्युइनमधल्या सिंटिलेशनच्या (किरणोत्सार मोजण्यासाठीच्या चमकणाऱ्या द्रावणाच्या) कुप्या, तर एक्सेप्टेड प्रमाणात तो दुसरा धोकाच मुख्य धरला जातो आणि त्या वर्गाचे नियम पाळावे लागतात. हे हमखास विसरलं जातं.

मोजमाप आणि कागद

आकडेमोड जमली तरी काम अर्धंच झालं. सर्व्हे मीटरने खोक्याचा पृष्ठभाग सगळ्या बाजूंनी मोजा: कुठेही ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त नको. मग स्वाइप घ्या, म्हणजे पृष्ठभाग कागदाने किंवा कापसाने पुसून तो मोजा. सुटं प्रदूषण बीटा-गॅमासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेलच्या आत हवं, बहुतेक अल्फा स्रोतांसाठी ०.४ च्या आत. दोन्ही नोंदी तारीख, मीटरचा क्रमांक आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरच्या सहीसह फाइलला लावा.

खोक्याबाहेर यूएन क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव हवं, वजन ५० किलोपेक्षा जास्त असेल तर तेही. यूएन २९१० च्या खोक्यात आतल्या बाजूला 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' हा शब्द असा हवा, की उघडताक्षणी दिसेल. पांढरी-पिवळी वर्ग ७ ची (किरणोत्सारी मालाच्या वर्गाची) लेबलं एक्सेप्टेड पॅकेजला लावत नाहीत. विमानाने पाठवताना मात्र एक्सेप्टेड पॅकेजचं वेगळं लेबल लागतं. वाहतुकीच्या कागदावर यूएन क्रमांक, पाठवणारा आणि घेणारा यांची नावं-पत्ते असावेत. टपालाने पाठवायचं तर आंतरराष्ट्रीय नियमांत मालाच्या प्रमाणाची मर्यादा एक्सेप्टेड पॅकेजच्या मर्यादेच्या एक दशांश आहे आणि टपाल खात्याच्या स्वतःच्या अटी त्याशिवाय.

रिकामं शिशाचं भांडं परत पाठवतानाही मोजमाप टळत नाही. आतलं सुटं प्रदूषण वरच्या मर्यादेच्या १०० पटींच्या आत हवं, झाकण घट्ट हवं आणि जुनी लेबलं काढलेली किंवा पूर्ण झाकलेली हवीत. जुनं पिवळं लेबल तसंच राहिलं, तर वाटेत हाताळणारा माणूस ते भांडं भरलेलं समजतो.