पार्श्वभूमी: कुत्र्याच्या वाडग्यातलं काळीज

८०-१०-१० हा हिशोब कुत्र्याला कच्चं मांस खाऊ घालणाऱ्यांना आता पाढ्यासारखा पाठ आहे. ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव आणि त्या दहातलं निम्मं काळीज, म्हणजे यकृत. इतका गोल आकडा कुणीतरी कुत्र्याची गरज मोजून काढला असेल, असं वाटतं. तसं नाही. अख्खी शिकार डोळ्यासमोर आणून तो बांधलेला आहे आणि त्या शिकारीलाही तो नीट लागू पडत नाही. बोकडाच्या जिवंत वजनात काळीज साधारण दीड-दोन टक्के भरतं. कातडं, शिंगं, पोटातला चारा वजा केला तरी फार तर तीनच्या आसपास.

फार मागे जायची गरज नाही. खाटकाकडे उरलेलं कुत्र्याला, ही सगळीकडचीच रीत होती. १८६० च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला आली, १९२० च्या दशकात अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले, दुसऱ्या महायुद्धात डब्यांना पत्रा मिळेना म्हणून कोरड्या खाद्याने जोर धरला. काळीज-गुर्दा कारखान्यात गेला आणि पिशवीवर ‘बाय-प्रॉडक्ट’ झाला. (तेच काळीज पिशवीत असलं की आम्ही नाक मुरडतो आणि स्टीलच्या वाडग्यात असलं की कौतुक करतो.)

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना अशक्त केलं गेलं आणि कुठल्या खाण्याने रक्त लवकर भरून येतं ते पाहिलं गेलं. काळीज सगळ्यांच्या पुढे होतं. त्यावरून १९२६ मध्ये एका जीवघेण्या पंडुरोगाच्या माणसांना काळीज खाऊ घालून बरं केलं आणि १९३४ चं नोबेल या कामाला मिळालं. कुत्र्यांमध्ये गुण आला होता तो लोहाने, माणसांमध्ये बी-१२ ने. पण ते जीवनसत्त्व वेगळं काढेपर्यंत १९४८ उजाडलं.

आजची चळवळ खऱ्या अर्थाने १९९३ ची. ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्याने कच्ची मांसल हाडं आणि त्यांच्या जोडीला भाज्या-अवयव असा आहार पुस्तकातून मांडला. पुढे भाज्या नकोत, अख्ख्या शिकारीसारखंच खाणं हवं म्हणणारा ‘प्रे मॉडेल’ गट वेगळा झाला. हाडांवरून आणि गाजरांवरून दोघांची भांडणं झाली, काळजावरून फारशी नाही.

खरा गुंता झाला तो ‘अवयव’ या शब्दाचा. ८०-१०-१० च्या इंग्रजी तक्त्यात काळीज सोडून उरलेल्या ५ टक्के अवयवांपुढे ‘सिक्रीटिंग ऑर्गन’ लिहिलेलं असतं, म्हणजे स्रवणारा अवयव. त्यात गुर्दा, तिल्ली, स्वादुपिंड धरतात. हृदय, फुफ्फुस, वजडी, पेटा (कोंबडीचं दाणे दळणारं जठर) हे मांसात मोजतात. शरीरशास्त्राच्या कसोटीवर ही वाटणी टिकत नाही. हृदयही संप्रेरक सोडतं, हे १९८१ मध्ये कॅनडात उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. उलट तिल्लीचं मुख्य काम रक्त गाळायचं, तरी ती यादीत. वाटणीमागचं खरं कारण साधं आहे: काळजात जीवनसत्त्व ‘अ’ आणि तांबं भरपूर, हृदयात ‘अ’ जवळजवळ नाही आणि तांबंही गाईबैलांच्या काळजाच्या मानाने फारच कमी. हृदय अवयवांत धरलं की वाडगा भरलेला दिसतो आणि ‘अ’ कमी पडतं. हे सरळ सांगितलं असतं तर ‘स्रवणारा’ शब्द लागलाच नसता.

आणि शब्दशः घ्यायचं तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही स्रवणारीच. २०१२ मध्ये जर्मनीतून बारा कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध झाली. कच्चं मांस, गुरांच्या गळ्याचे तुकडे असलं खाऊन त्यांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढलं होतं. खाणं बदललेल्यांचं पुन्हा नेहमीच्या पातळीवर आलं.

मराठीत वेगळाच घोळ. कवितेत आणि बोलण्यात काळीज धडधडतं, तुटतं, म्हणजे हृदय. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि हृदय मागायचं तर ‘दिल’ म्हणावं लागतं. तक्ता मराठीत सांगताना ‘काळीज’ म्हटलं की नवखा माणूस दिल घेऊन घरी येतो. मी स्वतः आता ‘कलेजी’च म्हणतो.

दुसरा फरक पुरवठ्याचा. मूळ तक्ते गाईबैलांच्या मांसावर बेतलेले. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. उरले रेडा-म्हैस, बोकड आणि कोंबडी. कोंबडी स्वस्त, म्हणून बहुतेकांचा भार तिच्यावर. पण १०० ग्रॅम गाईच्या काळजात सुमारे १० मिलिग्रॅम तांबं असतं, कोंबडीच्यात अर्धा मिलिग्रॅम. शिवाय चिकनवाला कलेजी-पेटा एकत्रच तोलतो; त्यातला पेटा म्हणजे स्नायू, मांसाच्या रकान्यातला. बोकडाचा गुर्दा पन्नास-साठ ग्रॅमचा, एका बोकडाला दोनच, आणि रविवारी सकाळी त्याला आधीच गिऱ्हाईक ठरलेलं. तक्त्यातला ‘दुसरा ५ टक्के’ आपल्याकडे बहुधा याच रांगेत हरवतो.

२०१२ मध्येच अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या मोठ्या संघटनेने कच्चं प्राणिज खाद्य देऊ नये अशी भूमिका घेतली. वाद पेटला तो कच्च्या मांसातल्या साल्मोनेला जिवाणूवर. अवयवांपुरता जुना धोका आहे तो हायडॅटिडचा: जनावराच्या काळजात, फुफ्फुसात पाण्याचे फोड, ते खाऊन कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी, आणि त्याची अंडी पोटात गेली की माणसाच्या यकृतात फोड. दुकानदार फोड आलेला तुकडा कापून बाजूला टाकतो आणि पायरीशी बसलेलं कुत्रं तो उचलतं, एवढ्यात साखळीचा एक दुवा पुरा होतो. न्यूझीलंडने १९५९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला आणि २००२ मध्ये देश या रोगापासून तात्पुरता मुक्त जाहीर केला. शेतावर कापलेल्या मेंढीचं काळीज कुत्र्याला द्यायचं तर तिथे ते आधी निदान अर्धा तास उकळावं लागतं.