चकमकी बंदुकीचं लॉक: ओतीव भागांची दुखणी

चकमकी बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो, चाप ओढला की तो समोरच्या उभ्या पोलादावर म्हणजे फ्रिझनवर घासत जातो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजक दारूवर पडतात आणि बार उडतो. ही सगळी यंत्रणा म्हणजे लॉक. आपल्याकडची ठासणीची बंदूक टोपीची पण असू शकते, ती वेगळी. अमेरिका-इंग्लंडात हौशी लोक अजून अशा बंदुका हातानं बनवतात, पण लॉकचे भाग बहुतेकदा ओतीवच आणतात, मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि आत पोलाद ओतायचं.

किर्लोस्करवाडीत शंभरेक वर्षं ओतकाम चालत आलंय, त्यामुळं सांगलीकराला ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेलं भोक) काय ते वेगळं सांगायला नको. पण खरं सांगायचं तर दिसणारं भोक हा लॉकमधला सगळ्यात गरीब दोष, तो भाग लगेच बाजूला तरी टाकता येतो. न दिसणारे दोष घात करतात.

सगळ्यात जास्त रडवतं ते फ्रिझन. ठिणगी म्हणजे गारेनं खरवडलेला पोलादाचा जळता कण, त्यासाठी पोलादात कार्बन भरपूर पाहिजे आणि पाणी नीट दिलेलं पाहिजे. गरम कवचात पोलाद हळूहळू गार होतं तेव्हा वरच्या पातळ थरातला कार्बन जळून जातो, मग भाग दिसायला झकास पण कातडी मऊ. कानस लावून बघायची, घसरली तर ठीक, चावली तर मऊ. कधी तेवढा थर घासून काढून परत पाणी दिलं की ठिणग्या सुरू होतात, मुळातच कार्बन कमी असेल तर केस हार्डनिंग (वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करणं) करायचं नाहीतर चपलेला तळ मारतात तसा कडक पोलादाचा पत्रा तोंडावर बसवायचा, ही जुनी युक्ती आहे.

दुसरं दुखणं आकसण्याचं. जुन्या लॉकवरून साचा घेतला तर मेण आणि पोलाद मिळून साधारण २ ते ३ टक्के आकसतात, म्हणजे लॉकचे भाग जिच्यावर बसतात ती १५० मिमीची प्लेट ३-४ मिमीनं आखूड, आणि जाड-बारीक भाग सारखे आकसत नाहीत ते वेगळंच. मग टंबलरची (घोड्याबरोबर आतून फिरणारा भाग) खाच आणि सिअरचं (त्या खाचेत अडकून घोडा धरून ठेवणारी, चापानं सुटणारी पट्टी) टोक नीट जुळत नाही. त्यात टंबलर मऊ राहिला तर खाचेची धार गोल होते आणि अर्धा चढवलेला घोडा चाप न ओढताच सुटतो, इथं जीव जाऊ शकतो. त्यामुळं या खाचेवर कानस मारायची ती जपून.

(इथं कुणा फाउंड्रीवाल्या मित्राकडून सेट ओतून घ्यायचा विचार असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही बंदुकीच्या व्याख्येतच येतात.)

स्प्रिंग मात्र ओतीव घेऊच नये असं माझं मत. वाकणाच्या जागी आत सुईच्या टोकाएवढी पोकळी असली तरी तिथूनच तडा जातो, तोही शंभरेक वेळा नीट चालल्यावर, आणि मग घोडा नुसता लटकत राहतो. ठोकून घडवलेली घ्यावी, महाग पडली तरी.